सणाचं जेवण सणाच्या पानावरच : कोल्हापुरात राहून वजन आवरायचं कसं

आषाढ लागला की कोल्हापुरात वजन कमी करायचं ठरवलेल्या माणसाचं काय खरं नसतं. बेंदराची पुरणपोळी, त्र्यंबोलीची म्हणजे टेंबलाईची यात्रा, पी ढबाक वाजवत पंचगंगेचं नवं पाणी घेऊन माणसं टेंबलाईच्या टेकडीवर जाणार आणि इकडं घरोघरी कुकरच्या शिट्ट्या, मग गटारी, मग पंचमी, राखी, गौरी-गणपती, नवरात्र, खंडेनवमीला परत मटण, दसऱ्याला परत गोड, कोजागिरीचं आटवलेलं दूध आणि शेवटी दिवाळी. चार महिने गेले की हो! मधेच कुणाच्यातरी गावाकडची म्हाई (म्हणजे गावची यात्रा) निघते, पावण्यांचा फोन येतो, नाही म्हणता येत नाही. तुळशीचं लगीन लागलं की लग्नसराई. "सण झाले की डाएट चालू करतो" म्हणणाऱ्याचे सण होतच नाहीत.

तर पहिला मुद्दा, बाकी सगळं याच्यावरच चालतं. सणाच्या एका जेवणानं कुणी जाड होत नाही. अंगावर एक किलो चरबी चढायला ढोबळमानानं ७,७०० कॅलरी जास्तीच्या लागतात, म्हणजे रोजच्या गरजेच्या वर, आणि तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर तुम्ही कितीही तुटून पडला तरी एका बैठकीत तेवढं पोटात जात नाही. वजन वाढतं ते सणाच्या अलीकडं-पलीकडं. आदल्या रात्री पुरण वाटताना चार वेळा चाखलेलं, दुसऱ्या दिवशी सकाळी दुधात कुस्करून शिळी पोळी, संध्याकाळी "संपवायला पायजे की" म्हणून आणखी एक, आत्यानं बांधून दिलेला डबा, ऑफिसात कुणाच्यातरी घरचे मोदक, आणि हे सगळं उभ्या-उभ्या, त्यामुळं हिशेबात कुणी धरतच नाही.

अमेरिकेत १९५ लोकांवर केलेला एक अभ्यास २००० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला होता. तिकडं नोव्हेंबर-डिसेंबरात थँक्सगिव्हिंग आणि ख्रिसमसची जेवणं असतात, त्या काळात लोकांचं वजन सरासरी ०.३७ किलोच वाढलं, लोकांना वाटत होतं त्याच्यापेक्षा कितीतरी कमी. पण ते वाढलेलं नंतर सरासरीनं उतरलंच नाही. दरवर्षी थोडं थोडं असं वीस वर्षं करा आणि मग लग्नातला फोटो काढून बघा. त्यांचे सण दीड-दोन महिन्यांत उरकतात, आपले चार महिने चालतात, तेव्हा आपण जास्त सावध पायजे.

म्हणून माझा एकच नियम आहे, सणाचं जेवण सणाच्या पानावरच. ज्या दिवशी सण त्या दिवशी बसून, वाढून घेऊन, मनापासून खायचं. पान उचललं की खाण्यापुरता तो सण संपला, दुसऱ्या दिवशी सकाळी रोजची भाजी-भाकरी. "आज जरा जास्त झालं, मग आता या आठवड्यात राहूदेच" हे जे वाक्य आहे ना, ते एका पुरणपोळीपेक्षा लई महाग पडतं.

कॅलेंडरवर गोल करा

भिंतीवरचं कॅलेंडर घ्या आणि आषाढापासून दिवाळीपर्यंत जे दिवस तुमच्या घरचे आहेत आणि जे तुम्हाला खरंच चुकवायचे नाहीत त्यांच्यावर पेनानं गोल करा. घरच्या गौरी, खंडेनवमी, दिवाळीचा पाडवा, माहेरची किंवा सासरची यात्रा, असं जे असेल ते. बाकीचे दिवस म्हणजे शेजाऱ्यांकडचं, मित्राच्या मंडळाचा महाप्रसाद, ऑफिसातली पार्टी, तिथं जायचं, बोलायचं, हसायचं, पण पोट भरायला जायचं नाही.

गावच्या यात्रेला तर एका दिवसात तीन-चार घरी बोलावणं असतं आणि जेवल्याशिवाय कुणी सोडत नाही. तिथं जेवणाचं घर एकच ठरवायचं, जिथं नाही जेवलं तर खरंच रुसवा होईल ते. बाकीच्या घरी आधीच सांगायचं, "काकू, मी पांढरा प्यायला येणार हाय, ताट मांडू नका." वाटीभर रस्सा पिऊन, दहा मिनिटं बसून उठता येतं आणि मान पण राहतो. हे फोनवर आधीच सांगितलेलं बरं असतं, ताट मांडल्यावर सांगायला लागलं की मग काय ऐकत नाहीत.

सणाच्या सकाळी उपाशी राहू नका

हे सगळे करतात. "दुपारी मटण आहे, आता काय नको," म्हणून सकाळी नुसता चहा, मग दीड वाजता पंगत, ती लांबून अडीच, आणि पान समोर आलं की माणूस आधी दोन भाकऱ्या नुसत्या रश्श्याबरोबर संपवतो, मटणाचा तुकडा दाताखाली यायच्या आत. पोट भरल्याचा निरोप डोक्यापर्यंत पोचायला साधारण वीस मिनिटं लागतात आणि भुकेला माणूस वीस मिनिटांत काय काय आत टाकतो हे कुठल्याही यात्रेच्या पंगतीत जाऊन बघा.

सकाळी थोडं पण दमाचं खा. दोन उकडलेली अंडी, किंवा मोड आलेल्या मटकीची उसळ वाटीभर, किंवा दही आणि एक ज्वारीची भाकरी. पोहे-उप्पीट त्या दिवशी नको, दुपारी भात-भाकरी-पोळी होणारच आहे. पंगतीला बसायच्या आधी एक तांब्या पाणी नाहीतर पातळ ताक. एवढ्यानंच अर्धं काम होतं.

मटणाचं ताट

आता मेन विषय. तांबडा, पांढरा, सुकं, भाकरी, भात, वर कांदा-लिंबू. हे जेवण पैलवानांच्या गावाचं आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आसरा दिला, १९१२ साली खासबागचं मैदान उभं केलं, पेठापेठांत तालमी, आणि तालमीतल्या पोरांचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदामाची थंडाई आणि मटण. त्यांनी हजारांत जोर-बैठका मारल्या म्हणून त्यांना ते पचलं. आपण खुराक तेवढा घरी आणला आणि जोर-बैठका तालमीतच ठेवल्या.

पण मटण हे काय वाईट नाही, वजनाच्या दृष्टीनं तर ताटातली सगळ्यात कामाची गोष्ट तीच, प्रोटीन असतं, पोट लवकर भरतं आणि भरलेलं राहतं. त्रास तेलाचा, चरबीचा आणि भाकरी-भाताच्या थप्पीचा. त्यामुळं दुकानात उभं राहतानाच चालू करा. मांडीचं मागा, सीना-चाप चवीला भारी पण चरबी तिथंच जास्त, "वरनं चरबी टाकू नका" म्हणून तोंडानं सांगायचं, नाहीतर वजनाला भर म्हणून पडतेच.

मटण आदल्या रात्री हळद-मीठ-आलं-लसणात शिजवून ठेवता आलं तर फारच छान. त्याचं अळणी पाणी वेगळं काढून, गार झालं की फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी भांडं उघडलं की वर पांढरी चरबीची साय धरलेली दिसेल, मेणासारखी घट्ट, ती चमच्यानं उचलायची आणि बाजूला काढायची. खाली राहतं ते नुसतं चवीचं पाणी. त्याचाच तांबडा करा, त्याचाच पांढरा करा, जेवणाऱ्याला कळत पण नाही, कारण चव त्या पाण्यात असते आणि चटणीत असते. (चटणी म्हणजे आपली कांदा-लसणाची वर्षाची चटणी, बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, नाहीतर खोबऱ्याची चटणी घालून बसाल.)

त्याच दिवशी करायचं असेल तर तांबडा उकळला की गॅस बंद करून झाकण ठेवून दहा मिनिटं हात लावू नका. कट वर येतो. पळी आडवी धरून वरच्यावर तवंग काढायचा, ढवळायचं नाही, आणि एका छोट्या वाटीत तो पंगतीत मधे ठेवायचा, ज्याला पायजे त्यानं घ्यावा. सासरेबुवांना कट लागतोच, त्यांनी घ्यावा की, तुमच्या वाटीत का? जेवणाचा एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० च्या आसपास कॅलरी. तांबड्याच्या दोन-तीन वाट्यांवर तरंगणारा कट असे किती चमचे होईल बघा, आणि त्यानं पोट तर भरत नाही.

पांढऱ्याबद्दल मात्र सगळ्यांची फसगत आहे. तो दिसायला साधा, तिखट नाही, तेल दिसत नाही, म्हणून लोक वाट्यांवर वाट्या पितात. त्यात नारळाचं दूध, काजू, तीळ, खसखस, म्हणजे फॅट आहेच, फक्त तांबड्याचं वर तरंगतं आणि पांढऱ्याचं आत विरघळलेलं असतं. एक वाटी, गरम गरम, सावकाश प्या. दुसरी वाटी घ्यायची असेल तर भात सोडा. घरी करत असाल तर नारळाचं पहिलं घट्ट दूध अर्धं करा आणि दुसरं पातळ दूध वाढवा, काजू मूठभर लागत नाहीत, चार-पाच पुरतात.

पानात वाढून घ्यायचा क्रम पण महत्त्वाचा आहे. आधी कांदा, काकडी, मुळा जे असेल ते भरपूर आणि पांढऱ्याची वाटी. मग सुकं मटण आणि एक भाकरी. मग थांबा, बोला, शेजारच्याला काय पायजे ते विचारा. मग पण भूक असेल तर अर्धी भाकरी किंवा मूठभर भात तांबड्याबरोबर, दोन्ही नको. हॉटेलात अनलिमिटेड रस्सा मिळतो तिथं रश्श्यापेक्षा घात होतो तो रश्श्याला संगत म्हणून मागवलेल्या भाकऱ्यांनी, तेव्हा भाकऱ्या एकदाच सांगा.

गटारीचं वेगळं काय सांगायचं. दारूच्या एका ग्रॅमला ७ कॅलरी असतात, तेलाला ९, पिठाला-साखरेला ४. वर तळलेले शेंगदाणे आणि फरसाण. पीत असाल तर चकण्याला काकडी-टोमॅटो आणि उकडलेल्या शेंगा ठेवा, कोल्ड्रिंकऐवजी साधा सोडा किंवा पाणी, आणि जेवण आधी. पीत नसाल तर हा पॅरा सोडून द्या.

पुरणपोळी

पुरणपोळीला उगीच बदनाम केलंय. हरभऱ्याच्या डाळीत प्रोटीन पण आहे, चोथा पण आहे. घराघरात आकार वेगळा, पुरण वेगळं, तरी मध्यम पोळी तूप न घालता तीनशेच्या आसपास धरा. त्याच्यावर तुपाची धार, मग गुळवणी, मग वाटीभर दूध, बाजूला भजी, कुरडई, पापड, शेवटी भात आणि कटाची आमटी. पोळी एकटी कधीच येत नाही, सगळं बिऱ्हाड घेऊन येते.

म्हणून मी पोळी कमी करा म्हणत नाही, बिऱ्हाड कमी करा म्हणते. दूध, तूप, गुळवणी यातलं एकच निवडा. मला तूप पायजे, तर दूध नाही. भजी दोन, पापड किंवा कुरडई, दोन्ही नाही. भात त्या दिवशी दुसऱ्या वेळेला. आणि येळवणीची, म्हणजे तीच कटाची आमटी मात्र भरपूर घ्या, ती पातळ असते, झणझणीत असते, गोडाची चव तोडते आणि एका पोळीवर थांबायला मदत करते. फक्त वरनं फोडणीचं तेल ओतताना हात आखडा.

कणकेचं विचाराल तर मैदा टाळून नुसत्या गव्हाच्या पिठाची, चाळून घेतलेली पोळी पण मऊ होते, तेलात भिजवून मळून ठेवायला वेळ दिला की झालं. लहान पोळ्या करा. वाटीएवढ्या. माणूस "दोन खाल्ल्या" म्हणून खूश आणि मोठी एक खाल्ल्याएवढंच झालेलं असतं.

आणि गुळाचं एकदा सांगून टाकते, कारण यावरनं आपल्याकडं भांडणं होतात. गूळ आपल्या कोल्हापूरचा आहे, चवीला जगात भारी आहे, पण कॅलरीच्या हिशेबात साखर आणि गूळ जवळजवळ सारखेच. "गुळाचं आहे, काय होत नाही" म्हणून तीन लाडू खाल्ले तर तीन लाडूच मोजायचे. शुगर असणाऱ्यांनी तर यावर अजिबात विश्वास ठेवू नये.

गौरी येतात त्या दिवशी भाजी-भाकरीचा नैवेद्य असतो ना, तो दिवस सोन्यासारखा आहे. पालेभाज्या, शेपू, भाकरी. पोटभर जेवा. भोगीची मिसळीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी पण तसलीच. आपल्या जुन्या बायकांनी गोडाच्या आदल्या दिवशी पालेभाजी का ठेवली असेल ते असेल, आपल्या उपयोगाचं आहे एवढं खरं.

आग्रहाला तोंड कसं द्यायचं

"माझं डाएट चालू आहे" हे पंगतीत कधीही म्हणू नका. म्हटलं की सगळी पंगत तुमच्याकडं वळते, एक जण म्हणतो कशाला पायजे डाएट, दुसरा म्हणतो माझ्या मेव्हण्यानं असंच केलं आणि चक्कर येऊन पडला, आणि आत्या तेवढ्यात पोळी टाकून मोकळी होते.

त्यापेक्षा आत्याला काम द्या. ती पोळीचं ताट घेऊन येताना दिसली की आपणच आधी बोलायचं.

"आत्या, आमटी लई भारी झाल्या, आण की आजून वाटीभर."

"आमटीच पितोयस व्हय? पोळी घे की एक."

"घेतो की, हे बघ अजून पानात हाय. आधी आमटी."

हे "अजून पानात हाय" चालायला पानात खरंच काहीतरी असावं लागतं, म्हणून पोळीचा शेवटचा चतकोर तुकडा मुद्दाम शेवटपर्यंत ठेवायचा. पान रिकामं दिसलं की वाढणाऱ्याचा हात आपोआप चालतो, त्यात त्यांचा दोष नाही, रिकाम्या पानावर पावणा बसलेला बघवत नाही आपल्याकडं.

दुसरी युक्ती म्हणजे वाढायला उभं राहायचं. कंबर कसून बादली हातात घ्या, दोन पंगती वाढा. वाढणाऱ्याला कुणी आग्रह करत नाही, उलट "पोरगं किती राबतंय" म्हणतात, आणि शेवटच्या पंगतीला आपण आपल्या हातानं आपलं पान वाढून घेतो. एकच धोका, वाढताना भजी तोंडात टाकायची सवय. बादली रश्श्याची घ्या, भज्यांचं ताट दुसऱ्याकडं द्या.

डबा बांधून दिला तर नाही म्हणू नका, त्यांना वाईट वाटतं आणि शेवटी गाडीच्या डिकीत ठेवतातच. घ्या, आणि तो डबा घरी फ्रिजमध्ये न जाता थेट कुणाकडं जाईल ते वाटेतच ठरवा. बिल्डिंगचा वॉचमन, वरच्या मजल्यावर राहणारी कॉलेजची पोरं, ऑफिसातला एकटा राहणारा माणूस. ताजं आहे तोवर दिलं तर घेणारा पण आनंदानं घेतो.

उपवास

एकादशी दुप्पट खाशी, हे आपल्या आज्यांनी उगीच म्हटलेलं नाही. नवरात्राचे नऊ दिवस उपवास करून वजन वाढलेली माणसं घरोघरी सापडतील. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी, त्यात दाण्याचं कूट, ज्याच्या शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या वर, त्यात बटाटा, वर तूप. ती खिचडी एकदा, सुरुवातीच्या दिवशी, हौसेनं खा. बाकीचे दिवस वरीचा भात थोडा आणि दाण्याची पातळ आमटी, उकडलेलं रताळं, राजगिऱ्याची भाकरी, काकडीची दही घातलेली कोशिंबीर, ताक, पेरू. उपवासाचे वेफर्स आणि चिवडा हे तळणच आहे, पाकिटावर उपवास लिहिलं म्हणून तेलाचं पाणी होत नाही.

कोजागिरीला आटवलेलं म्हशीचं दूध. गंगावेशीत कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दूध पिणारं आपलं गाव, दुधाला नाही म्हणा असं कसं सांगू. पण म्हशीच्या दुधात ६-७ टक्के फॅट असतं, साधा पावशेराचा ग्लास अडीचशे कॅलरीच्या पुढं जातो, आटवून साखर-बदाम घातला की विचारू नका. छोटा कप घ्या, आणि त्या रात्री जेवण हलकं ठेवा, दूध जेवणावर नको.

काटा आणि रंकाळा

सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वजनकाट्यावर चढू नका. दीड-दोन किलो जास्त दिसेल आणि मन खट्टू होईल. ते बहुतेक पाणी असतं. भात, पोळी, गोड जास्त झालं की शरीर त्यातलं थोडं ग्लायकोजेन म्हणून साठवतं आणि एका ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं, वर लोणची-पापड-रश्श्याचं मीठ आणखी पाणी धरतं. तीन-चार दिवस रोजचं जेवण जेवलं की उतरतं. आठवड्यातनं एकच वार ठरवा, सकाळी, पोट साफ झाल्यावर, तोच काटा. आणि महिन्यातनं एकदा टेपनं कंबर मोजा, आपल्याकडच्या लोकांना पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटीमीटरच्या वर गेलं की सावध व्हायचं असं डॉक्टर सांगतात, ती टेप काट्यापेक्षा खरं बोलते.

लाडू खाऊन रंकाळा तलावाला फेरी मारली की झालं, हा हिशेब मात्र बसत नाही. तासभर झपझप चालून अडीचशेच्या आसपास कॅलरी जातात, आणि लिंबाएवढा बेसनाचा लाडू दीडशे-दोनशेचा असतो. चालायचं ते खाल्लेलं फेडायला म्हणून नाही. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं सावकाश चाललं तर रक्तातली साखर एकदम चढत नाही, अंग जड होत नाही, आणि मुख्य म्हणजे घरात बसलं असतं तर परत स्वयंपाकघरात जाऊन डबा उघडला असता तो वेळ बाहेर जातो. फक्त रंकाळ्यावर गेलात तर भेळेच्या गाड्यांच्या बाजूनं नको. सकाळी विद्यापीठात चालायला जाणाऱ्यांनी येताना कट वडा खाऊन येऊ नये, हे लिहायला लागतंय म्हणजे बघा.

शुगर, बीपी, किडनीचा त्रास असणाऱ्यांनी हे सगळं वाचून आपल्या मनानं गोळ्या कमी-जास्त करायच्या नाहीत. इन्सुलिन किंवा शुगरच्या काही गोळ्या चालू असताना उपवास केला तर साखर एकदम खाली जाऊ शकते, नवरात्राच्या आधीच डॉक्टरांना विचारून घ्या. बीपीवाल्यांनी खर्डा, लोणचं, पापड यांच्या मिठाकडं बघावं, दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत मीठ असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि पाच ग्रॅम म्हणजे चहाचा एक चमचा. सणानंतर पोट साफ करायच्या पावडरी, दोन दिवस नुसतं लिंबूपाणी, असलं काय करू नका. गरम पाणी-मधानं चरबी वितळत नाही.

दिवाळीचे डबे

सगळ्यात जास्त वजन दिवाळीत वाढतं असं मला वाटतं, कारण फराळाला जेवणाची वेळ नाही. मटण पंगतीत खातात, चकली येता-जाता.

करतानाच कमी करा. चार माणसांच्या घरात प्रत्येक पदार्थ दोन-दोन किलो कशाला? आईच्या काळात घरात बारा माणसं आणि पोरं दिवसभर मैदानावर होती. तीन पदार्थ घरी करा, जे तुमच्या हातचे चांगले होतात ते, बाकीचे जावा-नणंदांशी अदलाबदल करा. चिवडा पातळ पोह्यांचा करा, पोहे उन्हात वाळवून किंवा कढईत मंद आचेवर भाजून घेतले की फोडणीला थोडं तेल पुरतं, तळलेल्या पोह्यांच्या चिवड्यापेक्षा खूपच कमी. चकलीची भाजणी नीट खमंग भाजलेली आणि तेल नीट तापलेलं असेल तर चकली तेल कमी पिते, कोमट तेलात सोडलेली चकली टिपकागदावर ठेवली की कागद पारदर्शक होतो, ते बघितलंय सगळ्यांनी.

तळायला बसायच्या आधी जेवून घ्या. हे बायकांसाठी मुद्दाम. उपाशीपोटी तळणाला बसलं की मोडलेली चकली, वाकडी करंजी, जळकी शंकरपाळी सगळी आपल्याच पोटात जाते आणि वर "मी काय खाल्लंच नाही आज" म्हणून रात्री परत जेवण. तळणाजवळ ताकाचा ग्लास ठेवा, चव बघायचं काम नवऱ्याला नाहीतर पोरांना द्या, ते आनंदानं करतात.

डबे ओट्यावर ठेवू नका. स्टीलचे, झाकण घट्ट बसणारे, वरच्या फळीवर, स्टूल घेतल्याशिवाय हात पोचणार नाही असे. काचेच्या बरणीतला लाडू दिवसभर बघत बसतो आपल्याकडं. फराळाची एकच वेळ ठरवा, सकाळी नाष्ट्याला किंवा चारच्या चहाला, आणि तो नाष्ट्याच्या बदल्यात, नाष्ट्यानंतर नाही. छोटी ताटली घ्या, एक लाडू किंवा एक करंजी, दोन चकल्या, मूठभर चिवडा, डबा परत बंद करून वर ठेवा आणि मग खायला बसा. डबा मांडीवर घेऊन टीव्ही बघितला की तळ दिसल्यावरच कळतं.

पाडवा, भाऊबीज झाली की लाडू-करंज्या संपवायच्या मागं न लागता वाटून टाका, त्या आठवड्यात घेणारे मिळतात, नंतर सगळ्यांचीच तोंडं गोड झालेली असतात. चिवडा तेवढा उरू द्या. रविवारी मोड आलेल्या मटकीची उसळ करायची, पातळ, कट वरनं चमचाभरच, त्याच्यावर फरसाणाऐवजी तोच मूठभर चिवडा, भरपूर कांदा, लिंबू, आणि पाव एक.